'पाणी' शोधलं आणि 'पुणे' सापडलं

तुमचा त्रागा अगदी रास्त आहे. सेक्रेटरी म्हणून सोसायटीचं सगळं दप्तर नोट्सच्या अ‍ॅपमध्ये ठेवलंत, वर्षाचे पैसेही भरताय, आणि तरी 'पाणी' शोधलं की 'पुणे' असलेल्या नोंदींचा ढीग समोर येतो. लांबलचक नोंदीच्या आत शोधता येत नाही, वार्षिक सभेसाठी दहा नोंदी एकत्र छापता येत नाहीत. "एवढं साधं द्यायला यांचं काय जातं, आणि आता दुसरं कुठलं अ‍ॅप घेऊ?" हे तुमचे दोन प्रश्न.

आधी पाणी-पुणे, कारण खरी गंमत तिथे आहे. कित्येक अ‍ॅप्स आपला मजकूर एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. त्यात शब्द शोधण्याची जी नेहमीची व्यवस्था आहे ती फक्त अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग धरते. युनिकोड म्हणजे संगणकात सगळ्या लिप्या साठवायची प्रमाण पद्धत; तिच्या वर्गवारीत आपले काना, मात्रा, वेलांटी, उकार ही अक्षरं नसून जोडचिन्हं आहेत. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. 'पाणी'चं उरतं 'प' आणि 'ण'. 'पुणे'चंही उरतं 'प' आणि 'ण'. यंत्राच्या लेखी दोन्ही एकच! तुमच्या अ‍ॅपमध्ये हेच होतंय असा माझा दाट संशय आहे, कारण लक्षण तंतोतंत जुळतं. आणि हे दुरुस्त करणं अवघड नाही. जोडचिन्हंही शब्दात धरा असं सांगायची सोय एसक्यूलाइटमध्येच आहे, सेटिंगची एखादी ओळ आणि मग जुन्या नोंदींची सूची नव्याने बांधणं, एवढंच काम.

तर मग करत का नाहीत? कारण ज्या टेबलावर हे ठरतं तिथे 'पाणी' कोणी शोधतच नाही. इंग्रजीत हा दोष दिसत नाही, आणि चाचणी होते ती इंग्रजीत.

छपाईचं, नोंदीच्या आत शोधण्याचं दुखणं थोडं वेगळं. या सोयींची गरज पडते ती वर्षभर अ‍ॅप वापरलेल्या माणसाला. नवीन गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत त्या आठवतही नाहीत, म्हणून जाहिरातीत त्यांचा उपयोग शून्य. सारांश काढून देणारं एआय मात्र जाहिरातीत झकास दिसतं, ते आधी येतं. नोशन या नोट्सच्या अ‍ॅपने आपलं एआय फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. इंटरनेटशिवाय पानं उघडायची आणि त्यावर काम करायची सोय आली ऑगस्ट २०२५ मध्ये. त्यांची बाजूही सांगतो. नोशनचं पान म्हणजे एक फाइल नव्हे, प्रत्येक परिच्छेद हा सर्व्हरवरचा वेगळा ठोकळा असतो, आणि दोघांनी इंटरनेट नसताना एकाच पानावर काम केलं तर नंतर मेळ घालणं खरंच किचकट आहे. पण गूगल कीपला असली काय अडचण होती? २०१३ साली आलेल्या अ‍ॅपमध्ये अक्षरं ठळक करायची सोय, तीही आधी अँड्रॉइडवर, २०२३ मध्ये मिळाली. विंडोजच्या नोटपॅडची तर बातच सोडा. १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून सोबत असलेल्या नोटपॅडमध्ये एकापेक्षा जास्त पायऱ्या मागे जाणारं अन्डू विंडोज ११ साठी २०२१ अखेर जाहीर झालेल्या नव्या आवृत्तीत आलं, आणि स्पेलिंग तपासणं २०२४ मध्ये.

असलेली सोय काढून घेणं हा आणखी एक प्रकार. एव्हरनोटने २०२० मध्ये फोन, मॅक, विंडोज या सगळ्यांसाठी अ‍ॅप नव्याने लिहिलं, तेव्हा फक्त आपल्याच संगणकावर राहणाऱ्या नोटबुकांची सोय गेली. जुनी माणसं तिच्यावर विसंबून होती. पुढे मालक बदलले आणि डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्यांना ५० नोंदी आणि एक नोटबुक एवढीच मर्यादा आली.

तुमच्या प्रश्नावर एकांनी लिहिलंय की अ‍ॅपला इतकी नावं ठेवू नयेत, नाही पटलं तर सोडावं. पैसे भरून वापरणाऱ्याला हे सांगण्यात अर्थ नाही. आणि 'सोडावं' हेच तर अवघड असतं, कारण पैशापेक्षा मोठी गुंतवणूक त्या नोंदींची असते. म्हणून मी नवीन अ‍ॅपमध्ये काय काय आहे हे नंतर पाहतो, त्यातून बाहेर कसं पडता येतं हे आधी.

तुम्हीही तसंच करा. ज्या अ‍ॅपचा विचार चालू आहे त्यात एकच खोटी नोंद बनवा. तिच्यात "तिसऱ्या मजल्यावर गळती, प्लंबरला १२ तारखेला बोलावलं" असं वाक्य, एक फोटो आणि चार ओळींचा तक्ता टाका. तिच्यात 'पुणे' हा शब्दही लिहा आणि 'पाणी' शोधल्यावर ती चुकून येते का ते तपासा. मग 'तिसऱ्या' शोधा, पण मजकूर फोनवरून टाइप केला असेल तर शोध संगणकाच्या कीबोर्डवरून. हा 'ऱ्य' दोन रीतींनी लिहिला जातो: काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ वापरतात, काही साधा र आणि एक अदृश्य जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखे, सर्चला वेगळे. आकड्यांचंही तसंच, मराठी १२ शोधल्यावर इंग्रजी आकड्यांतला बारा बऱ्याच ठिकाणी सापडत नाही. (शब्दांपुरता माझा उपाय: शोधताना शब्दाचं शेपूट तोडायचं. 'तिस' किंवा 'मजल' टाकलं की 'मजला', 'मजल्यावर', 'मजल्याचा' सगळं येतं.) शेवटी ती नोंद एक्सपोर्ट करून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडा. फोटो सोबत आला का, तक्ता शाबूत आहे का, आणि नोंद केल्याची तारीख टिकली का? तारीख बहुतेक जण तपासत नाहीत. सेक्रेटरीला मात्र तक्रार नेमकी कधी आली हे दाखवायची वेळ हमखास येते.

माझं मत विचाराल तर ऑब्सिडियन किंवा जॉप्लिन. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक नोंद ही तुमच्याच डिस्कवरची मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराची, फाइल असते, उद्या अ‍ॅप बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडेल. एव्हरनोट, कीप, वननोट, नोशन यांतून नोंदी आणायला त्यांचाच इंपोर्टर आहे. फोन आणि संगणक जुळते ठेवायची त्यांची स्वतःची सेवा मात्र पैसे घेते. जॉप्लिन मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हवरून फुकट सिंक होतं, आणि मार्कडाउनमध्ये एक्सपोर्ट करताना तारखाही फाइलच्या डोक्यावर लिहून देणारा पर्याय आहे. दिसायला रूक्ष आहे, चालतं. कुठलंही घ्या, नोंदीचं नाव वर्ष-महिना-दिवस असं सुरू करा: '२०२५-०६-१४ गच्ची गळती'. मग एक्सपोर्टमध्ये तारीख हरवली तरी क्रम हरवत नाही.

मेंटेनन्सच्या बेरजा यात करत बसू नका, त्याला एक्सेल आहे. इतिवृत्ताची वही आणि सभासदांचं 'आय' नमुन्यातलं रजिस्टरही यात नेऊ नका, ते आपल्या जागी राहू दे.

अ‍ॅप लगेच सोडणार नसाल तर सपोर्टला पत्र लिहा, पण "मराठी सर्च नीट चालत नाही" असं मोघम नको. "एका नोंदीत 'पाणी' लिहिलं, दुसरीत 'पुणे'. 'पाणी' शोधल्यावर दोन्ही आल्या. काना-मात्रांवर शब्द तुटत असावा," एवढंच लिहा आणि स्क्रीनशॉट जोडा. असं पत्र सपोर्टवाल्याला थेट प्रोग्रॅमरकडे ढकलता येतं. मोघम पत्राला 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' हे उत्तर ठरलेलं.

आता दहा नोंदी एकत्र छापण्याचं. ऑब्सिडियन घेतलंत तर 'वार्षिक सभा' नावाची एक नवी नोंद करा. तिच्यात उद्गारचिन्ह टाइप करून लगेच दोन चौकटी कंसांत जुन्या नोंदीचं नाव लिहा, तो सगळा मजकूर तिथेच उमटतो. दहाही नोंदी अशा एकाखाली एक घ्या आणि संगणकावरून पीडीएफ काढा. मराठी जोडाक्षरं पीडीएफमध्ये तुटत असतील तर सेटिंगमध्ये फॉन्ट बदलून नोटो किंवा मुक्ता लावून बघा.