२०२४च्या ऑस्कर नामांकनांतले कोणते चित्रपट तुम्हाला खरंच आवडले? निकाल पटला का?

निकाल निम्मा पटला. पण अणुबॉम्बवाला 'ओपनहायमर' सोडला तर बाकीचे कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत असं लोक म्हणतात, ते अजिबात पटलं नाही. माझं नेमकं उलट झालं. तो एकच थेटरात पाहिला आणि तोच सगळ्यात आधी विरला. बाकीचे घरी, भांडीकुंडी आवरून रात्री पाहिले, ते अजून जात नाहीत डोक्यातून.

मी समीक्षक नाही. इंदूरची मराठी बाई. माहेर लोकमान्य नगरात, घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, सासरी मालवी. पुण्याची मावसबहीण मी "पंखा चालव" म्हटलं की अजून हसते, आणि इथे सासूबाईंना मी बोलते ते "पूनावाली" मराठी वाटतं. त्यामुळे असेल, पण त्या वर्षीच्या नामांकनांत मला पुनःपुन्हा एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे माणूस आपली नसलेल्या भाषेत संसार कसा करतो.

'पास्ट लाइव्ज' घ्या. बारा वर्षांची मुलगी सोल सोडून आईवडिलांबरोबर कॅनडाला जाते, पुढे न्यूयॉर्कला लेखिका होते, अमेरिकन माणसाशी लग्न करते, आणि चोवीस वर्षांनी लहानपणचा मित्र तिला भेटायला येतो. गोष्ट एवढीच. पण त्यात एका रात्री नवरा तिला सांगतो, तू झोपेत फक्त कोरियनमध्ये बोलतेस, मला न कळणाऱ्या भाषेत स्वप्नं बघतेस. मी टीव्ही थांबवला. आमच्याकडे हेच वाक्य दुसऱ्या सुरात येतं: "रात को फिर मराठी में किससे लड़ रही थी?" आणि शेवटाकडे बारमधला प्रसंग आहे, ते दोघे कोरियनमध्ये बोलताहेत आणि नवरा शेजारी गप्प बसलाय. माझा नवरा माहेरच्या लग्नांत अगदी असाच बसतो. हसऱ्या चेहऱ्याने, अर्धं कळत असलेला, "जेवण झालं?" एवढं मात्र अचूक विचारणारा. या चित्रपटाला दोन नामांकनं होती, चित्रपट आणि मूळ पटकथा. हाती काही लागलं नाही. ते मला लागलं.

पटकथेचं बक्षीस 'अनॅटॉमी ऑफ अ फॉल'ला गेलं, आणि तिथे तक्रार करायला जागा नाही. बाई जर्मन, नवरा फ्रेंच, घरात बोलायची भाषा इंग्रजी, म्हणजे दोघांचीही नाही. नवरा घराच्या वरून पडून मरतो आणि खटला चालतो फ्रेंचमध्ये. ती बिचारी फ्रेंचमध्ये सुरुवात करते आणि मग मला इंग्रजीत बोलू द्या म्हणते. मला ती खुनी आहे की नाही यापेक्षा हा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटला. परक्या भाषेत आपण आपल्याला येतं तेवढंच बोलतो, म्हणायचं असतं ते राहूनच जातं. मी स्वतः हिंदीत भांडताना उगाचच सभ्य होते. खरा राग फक्त मराठीत जमतो, आणि तेव्हा समोरच्याला तो कळत नाही. गंमत म्हणजे फ्रान्सने परभाषेच्या विभागासाठी हा पाठवलाच नव्हता, 'द टेस्ट ऑफ थिंग्ज' नावाचा स्वयंपाकावरचा चित्रपट पाठवला. त्याला नामांकनही मिळालं नाही.

त्या विभागात दोन चित्रपट असे होते की कुणाला द्यावं हे मला आजही ठरवता येत नाही. 'द झोन ऑफ इंटरेस्ट' इंग्रज दिग्दर्शकाने जर्मनमध्ये केलेला, ब्रिटनची प्रवेशिका. 'परफेक्ट डेज' जर्मन विम वेंडर्सने जपानीत केलेला, जपानची प्रवेशिका. दोन्हींत रोजचं घरकाम आणि रोजची ड्यूटी, बाकी फारसं काही घडत नाही. पहिल्यात नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीच्या कमांडंटची बायको भिंतीला लागून बाग फुलवते. भिंतीपलीकडचं काही दाखवत नाहीत, फक्त ऐकू येतं: घरघर, गोळ्या, किंचाळ्या. मी अर्ध्या तासानंतर आवाज कमी केला आणि मग माझीच मला लाज वाटली, कारण ते घरही हेच करत होतं. त्या बाईची आई राहायला येते, आणि एके दिवशी न सांगता निघून जाते, चिठ्ठी ठेवून. चिठ्ठीत काय होतं ते आपल्याला सांगत नाहीत, मुलगी ती जाळून टाकते. याला ध्वनीचं ऑस्कर मिळालं, ते त्या रात्रीचं सगळ्यात योग्य बक्षीस. परभाषेचंही यालाच मिळालं.

दुसऱ्यात टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं धुणारा माणूस. आमच्या शहराला २०१७पासून सलग सात वेळा स्वच्छतेचा पहिला नंबर मिळाला, सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, ओला-सुका वेगळा नसेल तर डबा परत करतात. हे सगळं आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. पण गाडीवरच्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. चित्रपट पाहून दुसऱ्या दिवशी विचारलं. त्याला वाटलं, तक्रार करायची आहे.

त्या चित्रपटाच्या अगदी शेवटी, श्रेयनामावली संपल्यावर, एक जपानी शब्द येतो, कोमोरेबी: वाऱ्याने पानं हलताना होणारा ऊनसावलीचा खेळ. नवरा म्हणाला, "हिंदी में तो ऐसा एक शब्द नहीं है।" मी ताबडतोब म्हटलं, मराठीत आहे, कवडसा. मग रात्रभर खटकत राहिलं, की कवडसा पानांतून नाही, कौलांतून, खिडकीच्या फटीतून येतो, आणि जमिनीवर पडून राहतो. हलत नाही. पण इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्यासमोर मी पहिल्यांदाच उच्चारला, तेव्हा चूक मी सुधारली नाही.

आता 'ओपनहायमर'. १३ नामांकनं, ७ बक्षिसं. ओपनहायमर झालेल्या किलियन मर्फीचं बक्षीस मान्य. बॉम्ब पडल्यावर सभागृहात लोक पाय आपटून जल्लोष करतात आणि त्याच्या कानांत सगळं शांत होतं, तेवढ्या प्रसंगासाठी मी पुन्हा तिकीट काढीन. बाकी तीन तास कुणीतरी मागे लागल्यासारखे बोलत सुटलेत. त्यातल्या गीतेच्या ओळीवरून ('आता मी मृत्यू झालो आहे, जगांचा विनाशक') आपल्याकडे किती आरडाओरडा झाला! पण मुख्य मुद्दा कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. मूळ श्लोकात 'कालोऽस्मि' आहे. ओपनहायमर संस्कृत शिकलेला होता, तरी त्याने इंग्रजीत नुसता 'मृत्यू' म्हटला, त्यात वेळ गळून गेली. मराठीत 'काळ' म्हटलं की दोन्ही येतं.

'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'ला १० नामांकनं आणि शून्य बक्षिसं, हा मात्र अन्याय. अभिनेत्रीचं बक्षीस लिली ग्लॅडस्टोनला द्यायला हवं होतं. ती ओसेज या आदिवासी जमातीची, आणि पुढे तिला फसवणाऱ्या होणाऱ्या नवऱ्याला ओसेज भाषेत कोल्ह्यासारख्या जनावराचं नाव ठेवते आणि तो समजतो आपल्याला देखणा म्हणाली. साडेतीन तासांच्या फसवणुकीत फसवला गेलेला तो एवढ्याच वेळी. दोन रात्रींत पाहा, एका बैठकीत नको. एमा स्टोन 'पुअर थिंग्ज'मध्ये अफाट आहे, पण तो घरात सगळे असताना लावू नका. मी लावला, आणि सासूबाई पाणी प्यायला बाहेर आल्या.

'अमेरिकन फिक्शन' मजेचा. 'बार्बी'चा पहिला अर्धा तास उत्तम. 'माएस्त्रो' मी अर्ध्यावर सोडला, त्याबद्दल मला विचारू नका.