स्कायरिमचा पहिला चीट मॉड
मित्रा, स्कायरिम या गेमसाठी पहिला मॉड (गेममध्ये बदल करणारी भर) बनवताना सुरुवातीलाच ड्रॅगनच्या मागे लागू नकोस. साध्या लोखंडी खंजिराचा डॅमेज 4 असतो, तो 4000 कर. एका घावात राक्षस आडवा पडलेला बघायला जाम मजा येते! क्रिएशन किटमध्ये (मॉड बनवायचं टूल) स्कायरिमची मूळ फाइल उघड, खंजीर शोध आणि सगळ्यात आधी त्याचा आयडी बदल. नवा फॉर्म (वस्तूची नवी नोंद) बनवू का, असं विचारेल; 'येस' दाब. हे राहिलं तर मूळ खंजीरच बदलतो, आणि तो घेऊन फिरणारा प्रत्येक दरोडेखोर तुला एका फटक्यात लोळवेल.

प्लगिन, म्हणजे तुझ्या मॉडची फाइल, गेमच्या डेटा फोल्डरमध्ये सेव्ह होतं, ते मॉड मॅनेजरमधून चालू कर. पुढे गेमच्या कन्सोलमध्ये (कमांड लिहायची खिडकी) 'हेल्प' लिहून खंजिराचा कोड काढ, 'अ‍ॅडआयटम'ने मागवून घे. गेमचा सेव्ह मात्र वेगळा ठेव. मॉड मध्येच काढला तर सेव्ह बिघडू शकतो.