सात रात्री आणि पाच मुक्काम: तुमच्या इटलीच्या यादीबद्दल

तुमचा बेत मला समजला तो असा. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि सासूबाई असे चौघं जाणार. इटलीत सात रात्री: रोम २, नेपल्स १, फ्लॉरेन्स १, व्हेनिस १, मिलान २. वाटेत पिसा, आणि मिलानहून एक दिवस कोमो तलाव. मुलीला नेपल्सजवळचं प्राचीन पॉम्पेई बघायचंच आहे, सासूबाईंच्या मनात व्हेनिस आहे. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत. "एवढं जमेल का?" असं तुम्ही विचारलंय.

गाड्यांच्या वेळा बघितल्या तर जमेल. पण सासूबाईंना घेऊन हा बेत करू नका, असं मी कळकळीने सांगते.

नुसता हिशेब मांडून बघा. सात रात्री म्हणजे आठ दिवस. पहिला उतरण्यात आणि शेवटचा विमानतळ गाठण्यात जातो, मधले सहा हातात राहतात. तुम्ही चार वेळा मुक्काम हलवणार. दर वेळी किमान अर्धा दिवस मोडतो, म्हणजे उरले चार. त्यातला एक पॉम्पेईला, एक कोमोला. राहिलेल्या दोन दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि मिलान, आणि पिसासाठी उतरायचं ते वेगळंच.

अर्धा दिवस हे वाढवून सांगितल्यासारखं वाटेल, कारण वेगवान गाडी नेपल्सहून फ्लॉरेन्सला तीनेक तासांत पोचते. पण तो दिवस प्रत्यक्षात कसा जातो ते बघा. सकाळी उठून चौघांच्या बॅगा भरायच्या. दहा-अकराच्या आत खोली सोडायची. टॅक्सीने स्टेशन. तिथे फलाटाचा नंबर बोर्डावर लागतो तो गाडी सुटायच्या जेमतेम दहा-पंधरा मिनिटं आधी, आणि मग लांबलचक फलाटावर आपला डबा शोधत सगळे एकदमच निघतात. सासूबाईंचा हात धरायचा की बॅग ओढायची, हा प्रश्न तिथे येतो. फ्लॉरेन्सला उतरलात की दगडी फरसबंदीवरून चाकं खडखडवत हॉटेल गाठायचं. खोली बहुतेक ठिकाणी दोन-तीनच्या आधी मिळत नाही, म्हणून बॅगा ठेवून जेवायला बाहेर पडायचं. तीनच्या सुमाराला बऱ्याच खानावळींची स्वयंपाकघरं बंद होतात, ती संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. शहर बघायला सुरुवात होईतो चार वाजलेले असतात. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर गेलात तर पाच-सव्वापाचला सूर्यास्त. दिवाळीच्या सुट्टीतल्या इटलीचा दिवस असा आखूड असतो, आणि उन्हाळ्यात जाऊन आलेल्यांचे बेत बघून आखणी केली की हीच गोष्ट निसटते.

म्हणून शहरं मोजू नका, मुक्काम हलवायचे दिवस मोजा. सात रात्रींत ते दोनपेक्षा जास्त नकोत. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर मी एकच ठेवेन.

तुमच्यासाठी माझा बेत: रोम ४ रात्री, व्हेनिस ३ रात्री. रोमला उतरायचं आणि परतीचं विमान व्हेनिसहून घ्यायचं. तिकीट शोधताना जाण्या-येण्याऐवजी 'मल्टी सिटी' हा पर्याय निवडा, भाड्यात पुष्कळदा फारसा फरक पडत नाही. रोम ते व्हेनिस थेट गाडीने चार तास लागतात. अख्ख्या सहलीत सामान हलवण्याचा दिवस तेवढा एकच.

आता पॉम्पेई. रोमहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण नेपल्सपर्यंत सव्वा तास, मग तिथली गर्दीची लोकल चाळीस मिनिटं, मध्ये गाडी बदलणं, आणि आत गेल्यावर उंचसखल दगडी रस्त्यांवर काही तास चालणं. सासूबाईंना ते झेपणार नाही आणि मुलीचं निम्मं लक्ष आजीकडे राहील. त्याऐवजी ओस्तिया आन्तिकाला जा. प्राचीन रोमचं हे बंदराचं गाव. पिरामिडे मेट्रो स्टेशनला लागूनच असलेल्या पोर्ता सान पाओलोहून लोकलने अर्धा तास, आणि रोमच्या शहरातलंच साधं तिकीट चालतं. तिथे नाट्यगृहाच्या मागच्या चौकात व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांची रांग आहे. प्रत्येक कचेरीपुढे जमिनीवर काळ्यापांढऱ्या तुकड्यांची चित्रं: जहाजं, दीपस्तंभ, एका ठिकाणी चक्क हत्ती. आफ्रिकेतल्या साब्राथाशी व्यापार करणाऱ्यांची ती जागा. थोडं पुढे एक खाणावळ आहे, तिचा संगमरवरी कट्टा अजून जागेवर आहे आणि वर भिंतीवर खाण्याच्या पदार्थांचं रंगीत चित्र. विटांच्या बहुमजली चाळी आहेत, सार्वजनिक शौचालयाची दगडी बैठकसुद्धा आहे. मुलीला एवढं आधी सांगा की पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली एकाएकी गाडलं गेलं, ओस्तिया मात्र बंदर गाळाने भरत गेलं तसं हळूहळू ओस पडलं. तो थरार इथे नाही. पण माणसं रोज कशी राहायची ते इथे फार जवळून दिसतं, आणि सासूबाईंना सावलीत बसायला पाइनची झाडं आहेत.

वारांकडे लक्ष द्या. ओस्तिया सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी प्रवेश मोफत असल्याने रांग भयंकर). शनिवारी रोमला उतरलात तर रविवारी ओस्तिया, सोमवारी कोलोसियम आणि शेजारचा फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष), मंगळवारी व्हॅटिकन, बुधवारी गाडी. सगळं नीट बसतं.

व्हेनिसला एक रात्र म्हणजे व्हेनिस न बघणं, या मतावर मी ठाम आहे. दिवसा बाहेरून येणारी गर्दी संध्याकाळी ओसरते, आणि सासूबाईंच्या मनात जे व्हेनिस असेल ते त्यानंतरच दिसतं. तिथे रस्त्यावर वाहन नाही आणि पावलोपावली पायऱ्यांचे पूल आहेत. त्यामुळे हॉटेल घेताना एकच गोष्ट बघा: बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत वाटेत पूल नको. बोटीच्या एका फेरीला माणशी ९.५० युरो पडतात, म्हणून ७२ तासांचा पास काढा. मग एक नंबरच्या बोटीत बसून ग्रँड कॅनालच्या, म्हणजे शहरातल्या मुख्य कालव्याच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत सकाळी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा जा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यासारखं सुख नाही. या दिवसांत भरतीचं पाणी चढू शकतं, पण मोठ्या भरतीला पाणी अडवण्यासाठी २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी तळातली फाटकं वर उचलली जातात.

तिसऱ्या मुक्कामाची हौस भागवायला पादुआ आहे, व्हेनिसहून गाडीने अर्ध्या तासावर. तिथल्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनामंदिरात) चित्रकार जोत्तोने १३०५ च्या सुमारास रंगवलेल्या भिंती आहेत. मोजक्याच माणसांना सोडतात. आधी पंधरा मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात, आतली हवा बिघडू नये म्हणून, आणि मग पंधरा-वीस मिनिटं आत. वर पाहिलं की गर्द निळं छत आणि सोनेरी तारे. आधी नोंदणी केल्याशिवाय जाता येत नाही.

चार रात्री एका जागी राहण्याचा आणखी एक फायदा: स्वयंपाकघर असलेलं घर मिळतं. एका रात्रीसाठी अशी घरं सहसा देत नाहीत. सासूबाईंना सकाळचा चहा आणि रात्री वरणभात मिळाला की दुसऱ्या दिवशी त्या हिंडायला तयार असतात.

मिलान आणि कोमो या खेपेला सोडा. पिसाचा मनोरा सुंदर आहे, पण अर्धा दिवस घालवण्याइतका तुमच्याकडे वेळ नाही. फ्लॉरेन्स गाळताना मात्र मलाही वाईट वाटतं. ते सोडवतच नसेल तर रोम ३, फ्लॉरेन्स २, व्हेनिस २ करा, पण मग पादुआ नाही, ओस्तियाही बहुधा नाही, आणि फ्लॉरेन्समधला पूर्ण दिवस सोमवारी येऊ देऊ नका. उफिझी हे चित्रसंग्रहालय आणि मायकेलएंजेलोचा डेव्हिडचा पुतळा असलेली अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात.

विमानाची तिकिटं आधी काढा, मग व्हॅटिकन आणि पादुआची नोंदणी, मग रेल्वे. वेगवान गाड्यांचं भाडं दिवस जवळ येतील तसं चढतं. सासूबाई सलग किती चालू शकतात आणि जिने कितपत चढतात ते कळवलंत तर रोममध्ये कुठल्या भागात घर घ्यावं तेही सांगते.