आर्च: कमानीतला आणि बिशपमागचा

प्रश्न असा आला आहे: 'आर्च' म्हणजे कमान, तर आर्चबिशप आणि आर्चएनिमी या शब्दांत कमान कुठून आली?

आलीच नाही. हे मुळात दोन निराळे शब्द. इंग्रजीत पोचेपर्यंत दोघांचं स्पेलिंग एक झालं, इतकंच.

बांधकामातला आर्च लॅटिन 'आर्कुस'चा, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत उतरलेला. आर्कुस म्हणजे धनुष्य, आणि त्यावरून धनुष्यासारखं वाकलेलं काहीही. म्हणून आर्चर तिरंदाज, भूमितीतला आर्क म्हणजे वर्तुळाचा कंस, कमानींची रांग ती आर्केड. तळपायाच्या खोलगट भागालाही आर्चच म्हणतात. बाणासाठीचा 'ॲरो' दिसायला अस्सल इंग्रजी, पण तोही आर्कुसच्याच गोत्रातला. मूळ अर्थ 'धनुष्याचा तो'. मराठीला यात नवल नाही. फारसीतून आलेली आपली 'कमान' तीरकमानात धनुष्य असते, दारावर कमान असते आणि घड्याळात स्प्रिंग! बायबलमधल्या नोहाची 'आर्क', म्हणजे तारू, मात्र यात ओढू नका. ती लॅटिन 'आर्का', म्हणजे पेटी.

दुसरा आर्च ग्रीक. 'आर्खोस' म्हणजे प्रमुख, पुढारी. आर्चबिशप हा बिशपांतला वरचा, आर्चएनिमी हा शत्रू क्रमांक एक. मोनार्क म्हणजे एकटा राज्य करणारा; त्याच्या शेपटीतही हाच धातू आहे. आर्किटेक्ट पाहून अनेकांना कमानी आठवतात, पण तो आहे 'मुख्य टेक्टॉन', म्हणजे सुतार-गवंड्यांचा म्होरक्या. हा टेक्टॉन आणि संस्कृत 'तक्षन्' सख्खे भाऊबंद.

मला सगळ्यात आवडतो तो याच ग्रीक आर्चचा बिघडलेला अवतार. इंग्रजीत लबाड, सोदे, टवाळ अशा शब्दांमागे आर्च लावायची पद्धत पडली. आपण 'अट्टल' लावतो तशी. वाईट संगतीचा परिणाम सतराव्या शतकात दिसला: एकटा आर्चच 'लबाड' या अर्थानं वापरात आला, आणि पुढे निवळून 'मिश्किल' झाला. तेव्हा कादंबरीत कुणी 'आर्च' हसलं, तर भाषांतरात ओठांची कमान करू नये.

उच्चाराचं म्हणाल, तर ढोबळमानाने असं: अख्खा शब्दच ग्रीककडून आला असेल तर 'क' (आर्किटेक्ट, आर्केंजल), इंग्रजीत रुळलेल्या शब्दाला आर्च पुढून चिकटवला असेल तर 'च' (आर्चएनिमी, आर्चरायव्हल).