क्लिओपात्रा घोड्याच्या थडग्यावर कशी पोचली?

तुमचा प्रश्न असा की एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकारांचं काम इतकं कमी का दिसतं. तेव्हा त्यांना कुणी विचारतच नव्हतं का? विचारत होते की! घोळ झाला तो नंतर.

१८७६चं अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं मोठं प्रदर्शन घ्या. एडवर्ड बॅनिस्टर या कृष्णवर्णीय चित्रकाराच्या ‘अंडर द ओक्स’ला तिथे पहिल्या क्रमांकाचं पदक मिळालं. ते चित्र आज कुठे आहे याचा पत्ता नाही. त्याच प्रदर्शनात एडमोनिया लुईस या कृष्णवर्णीय शिल्पकर्तीची संगमरवरी मूर्ती ‘डेथ ऑफ क्लिओपात्रा’ होती. सर्पदंशानंतरची राणी, मान मागे कलंडलेली, हात सिंहासनाबाहेर लोंबतोय. वजन सुमारे १,३७० किलो. एवढा दगड हरवावा कसा? पण हरवला. शिकागोत आधी दारूच्या गुत्त्यात, मग एका जुगाऱ्याने तो ‘क्लिओपात्रा’ नावाच्या आपल्या रेसच्या घोडीच्या रेसकोर्सवरच्या थडग्यावर नेऊन बसवला! पुढे रेसकोर्सचं गोल्फ मैदान झालं, १९७०च्या दशकात तिथे टपाल खात्याचं केंद्र आलं आणि राणीची रवानगी कंत्राटदाराच्या भंगार-सामानात झाली. (त्याच टपाल खात्याने २०२२मध्ये लुईसचं तिकीट काढलं.)

तिथे ती हॅरोल्ड अ‍ॅडम्स या अग्निशमन निरीक्षकाच्या नजरेस पडली. स्काउटच्या पोरांनी तिला घासूनपुसून चक्क रंग फासला. तज्ज्ञ यावर नाकं मुरडतात, मला मात्र त्या पोरांचं कौतुकच वाटतं. रेसकोर्स होता त्या फॉरेस्ट पार्क गावाच्या स्थानिक इतिहास मंडळाने मूर्ती ताब्यात घेतली, मेरिलिन रिचर्डसन या स्वतंत्र अभ्यासिकेने तिचा माग काढला आणि १९९४मध्ये ती स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेकडे गेली. तोवर ऊनपावसाने दगड साखरेसारखा भुसभुशीत झाला होता. नाक, हनुवटी, चपला पुन्हा घडवाव्या लागल्या. लुईसची लंडनमधली कबरही रिचर्डसनबाईंनीच शोधून काढली.

म्हणजे प्रदर्शनात गर्दी झाली, पदक मिळालं, तरी काम टिकेलच असं नाही. नोंदवहीत चढवून जपणारी संस्था लागते. हेन्री टॅनर या कृष्णवर्णीय चित्रकाराचं ‘बँजो लेसन’ (१८९३) १८९४पासून हॅम्प्टन या शिक्षणसंस्थेत (आताच्या हॅम्प्टन विद्यापीठात) सुखरूप आहे, आणि लुईसचीच ‘फॉरएव्हर फ्री’ (१८६७) हॉवर्ड विद्यापीठात. दोन्ही संस्था कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेल्या. तेव्हा शोधायला बसाल तर मोठ्या संग्रहालयांच्या आधी या दोन संस्थांचे संग्रह चाळा.