रेकॉर्डबरहुकूम गायलं म्हणजे अस्सल गायलं का?

प्रश्न : माझी मुलगी नाट्यसंगीत शिकते. स्पर्धेत तिने 'स्वयंवर'मधल्या 'नाथ हा माझा'त स्वतःची एक तान घेतली. परीक्षक म्हणाले, "बालगंधर्वांच्या रेकॉर्डमध्ये ही नाही." तिच्या गुरुजींचंही तेच मत. युरोपात तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत त्या काळच्या वाद्यांवर, त्याच पद्धतीने वाजवतात म्हणे. मग आपणही जसंच्या तसं गायला नको का?
– एक पालक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : रेकॉर्ड हुबेहूब गळ्यात उतरवणं ही उत्तम तालीम आहे. तुमच्या मुलीने ती जरूर करावी. पण तेवढ्याने गाणं अस्सल होतं, हे मला मान्य नाही. मी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या (७८ आरपीएम) जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. रंगभूमीवर तेच पद वन्समोअर घेत फुलत जाई, नाटक रात्रभर चाले. तबकडीवर राहिलं ते पदाचं आटोपतं घेतलेलं रूप. शिवाय १९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत भोंग्यासमोर उभं राहून खणखणीत गावं लागे; अगदी हळुवार सूर त्यात नीट उमटत नसे. वेगाचा घोळ तर वेगळाच. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८वर वाजवली, की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि लयही वाढते. "ताई, रेकॉर्डमध्ये हीच पट्टी आहे," म्हणत मुली गळा ताणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

युरोपातल्या मंडळींचं म्हणाल, तर त्यांचं काम मी आदराने ऐकते. तातीच्या (आतड्याच्या) तारा लावलेली व्हायोलिन, पियानोच्या आधीचं हार्पसिकॉर्ड, आजच्या ४४०ऐवजी ४१५ हर्ट्झची, म्हणजे थोडी खालची पट्टी. पण त्या काळी पट्टी गावोगाव वेगळी असे. ४१५ ही आज सर्वांनी सोयीसाठी मानलेली आहे. आणि ते कागदाबरहुकूम वाजवत नाहीत. क्वांट्झ या बासरीवादकाने १७५२मध्ये लिहून ठेवलंय, की सारख्या लिहिलेल्या द्रुत स्वरांपैकी काही किंचित लांबवून वाजवावेत. संथ भागात वादकाने आपली कलाकुसर भरावी, ही तर तेव्हाची अपेक्षाच होती. त्या काळासारखं वाजवायचं म्हणून ते स्वतःचं काही घालतात. इथे तुमच्या मुलीने तेच केलं, तर तिला टोकलं जातं!

आता आपल्याकडे या. 'सौभद्र' हे संगीत नाटक १८८२चं. तेव्हा साथीला सारंगी आणि तबला असे; ऑर्गन नंतर आला. तरी पुण्यात आज ऑर्गनशिवाय 'सौभद्र' लावलं, तर जाणकारही विचारतील, "हे कसलं संगीत नाटक?" माझं या वाद्यावर जिवापाड प्रेम आहे, पण त्याची मर्यादा मला रोज जाणवते. पट्टी दाबली की ठरलेला सूर वाजतो. दोन सुरांमधली वाट त्यात नाही. यमन रागात गायिका तीव्र मध्यमावरून गंधारावर मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत येते, तेव्हा मी मधली पट्टी दाबत नाही. हवा भरणाऱ्या पायांचा दाब कमी करून गंधारावर तिची वाट बघते. सारंगी असती, तर ती तिच्याबरोबर उतरली असती. एखाद्या संस्थेने सारंगी घेऊन, माइक बंद ठेवून लहान सभागृहात एक अंक करून बघावा, असं मला फार वाटतं. माइक नसला की शब्द फेकावे लागतात, श्वासाच्या जागा बदलतात, त्याबरोबर तानांची लांबीही बदलते.

'स्वयंवर' १९१६चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवा ख्यालाचे मोठे गवई. पुण्यातल्या भारत गायन समाजाचे संस्थापक. त्यांनी या नाटकाच्या चाली रागदारीतल्या बंदिशींवर बांधल्या, त्यामुळे त्यांत विस्ताराला जागा आहे. ती जागा बालगंधर्वांनी रोज नव्याने भरली. म्हणून मुलीच्या तानेबद्दल मी वेगळे प्रश्न विचारीन. पद यमन रागातलं; तान यमनातली आहे का? रुक्मिणीच्या तोंडी शोभते का? शब्द तुटतो का? समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सहज येते का? एवढं जमलं असेल, तर ती तान तिने ठेवावी, गुण गेले तरी चालतील. पट्टीही तिने स्वतःच्या गळ्याची घ्यावी.

गुरुजींशी वाद घालू नका. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, या पदातली रेकॉर्डवर नसलेली कुठली जागा त्यांना त्यांच्या गुरूंकडून मिळाली आहे. असली, तर ती मुलीला आधी शिकवा म्हणावं.