किनाऱ्यावर काय, घरी काय?
चित्रकलेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पेन, जलरंग आणि तेलखडू एकत्र वापरून मी घरी चित्रं काढते. तेच सामान घेऊन समुद्रावर बसलं की रंग वाळत नाहीत, खडू घसरतो आणि सगळा चिखल होतो. फोटो काढून घरीच काम करू का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : समुद्रावर जायचं सोडू नका. फोनच्या फोटोत उन्हातली पुळण पांढरीफटक येते आणि कौलांखालची सावली काळीकुट्ट. त्या सावलीतला निळा-जांभळा रंग जागेवर बसूनच दिसतो. मात्र काम दोन बैठकांत वाटा : रेषा आणि पाण्याचे थर जागेवर, तेलखडू आणि पांढरा पोस्टर कलर घरी.

याचं कारण हवेत आहे. दमट खाऱ्या वाऱ्यात रंग वरून सुकलेला दिसला तरी कागदाच्या आत ओल राहते. त्यावर तेलखडू धरत नाही, जोर दिला तर कागद सोलवटतो; पेनची शाईही फुटते. बोटाची मागची बाजू कागदाला टेकवून बघा. गार लागला तर अजून ओल आहे, थांबा. आधी खडू आणि मग रंग, हेही जमत नाही, कारण मेणकट खडूवर पाणी ठरतच नाही. लाटांचा फेस दाखवायला मात्र याच गुणाचा फार छान उपयोग होतो : पांढऱ्या मेणबत्तीच्या टोकाने आधी रेघा ओढा, मग वरून पातळ निळा फिरवा. रेघा कोऱ्या राहतात.

पिशवीत एवढंच ठेवा : 300 जीएसएम (म्हणजे जाड) कागदाची छोटी वही, 2बी पेन्सिल, वॉटरप्रूफ शाईचं 0.3चं पेन, 10 नंबरचा गोल ब्रश आणि चार रंग (अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो). जांभ्याच्या चिऱ्याला पातळ बर्न्ट सिएना लावा. तो सुकल्यावर बर्न्ट सिएनातच थोडा अल्ट्रामरीन मिसळून दगडाची भोकं आणि सांधे भरा. माडाच्या हिरव्यात चिमूटभर बर्न्ट सिएना हवाच, नाहीतर झावळ्या प्लॅस्टिकच्या वाटतात.

कागद सावलीत धरा. भर उन्हात तो इतका उजळतो की प्रत्येक रंग फिका वाटतो, हात गडद रंग लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. जे रंगवायचं राहिलं ते कडेला शब्दांत लिहा : ‘नाळीची (होडीच्या पुढच्या टोकाची) पट्टी केशरी, पाण्यालगत हिरवट’. घरच्या बैठकीला या टिपणांइतका आधार दुसरा कशाचा नाही.

होड्या काढायच्या तर तिथी बघून निघा. नांगरलेली होडी भरती-ओहोटीबरोबर तोंड फिरवते आणि निम्मं रेखाटन वाया जातं. वाळूवर टेकलेली होडी हलत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते : चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. तेव्हा समुद्राकडे तोंड केलं तर ऊन पाठीमागून येतं आणि होडीचे रंग खरे दिसतात. संध्याकाळी सूर्य समोर असतो. तेव्हा रंगाच्या मागे न लागता नुसत्या शाईने काळे आकार भरावेत.

प्रश्न : पावसाळ्यात घरात ठेवलेल्या चांगल्या कागदावर रंग लावला की ठिपके उठतात, ब्रश फिरवेपर्यंत रंग आत शोषला जातो. कागद फेकून द्यावा का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : रंग वर तरंगत राहावा म्हणून कागदाला सरसासारखा लेप दिलेला असतो. सततच्या ओलीने आणि बुरशीने तो जागोजागी खराब होतो. कोपऱ्यात स्वच्छ पाण्याचा थेंब टाका. थेंब फुगीर राहिला तर कागद ठीक; लगेच गडद डाग पडला तर जलरंगासाठी तो गेला. फेकू नका. अ‍ॅक्रिलिक जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या लेपाचे) दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. त्यावर अ‍ॅक्रिलिक आणि तेलखडू उत्तम चालतात. उरलेले कागद मे महिन्यातच, कोरडे असताना, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत घाला. ओलसर वही पिशवीत कोंडली तर बुरशी उलट लवकर धरते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात कागद ठेवूच नका.

प्रश्न : रंगासाठी समुद्राचंच पाणी वापरलं तर? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : नको. मीठ कागदात राहतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि पावसाळ्यात रंग पुन्हा चिकट होतो. शिवाय ब्रशची पत्र्याची पट्टी गंजते. गोड्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या न्या, एक ब्रश धुवायला आणि एक रंग कालवायला.